सुरामागची वीज

गेल्या चैत्रातील एका संध्याकाळी शंकर नगरातील आमच्या एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी मला गाणे ऐकावयास बोलाविले. आयुष्यभर जमविलेल्या तबकड्या नीट ऐकता याव्यात म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी एक उत्तम संगीत-संच घेतला होता. ध्वनिवर्धक नवा, लाउडस्पीकर मोठे, खोलीत गालिचा अंथरलेला. काकांनी तबकडीवर सुई ठेवली. तंबोरे सुरू होण्यापूर्वीच्या त्या क्षणभराच्या शांततेत खोलीतून एक सलग, खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येऊ लागली. दूरच्या घरात कोणी जाते ओढत असावे, तशी. तंबोरे सुरू झाले, गायकाने षड्ज लावला. तरी ती घरघर खाली चालूच होती.

पुढचे पंधरा दिवस काकांच्या घरी सल्लागारांचा राबता होता. एकाने सांगितले, विजेचा दाब स्थिर राखणारे यंत्र घ्या. दुसऱ्याचे मत पडले की, मीटरपासून संचापर्यंत स्वतंत्र जाड तार ओढल्याखेरीज गत्यंतर नाही. तिसऱ्याने तर वीजवाहिनीशी संबंधच नको, सारे बॅटरीवर चालवा, असा निर्वाळा दिला. शेवटी एक वायरमन आला. त्याने फारसे न बोलता ध्वनिवर्धकाच्या प्लगाचा वरचा जाड पाय काढून टाकला. घरघर तत्काळ थांबली. काका प्रसन्न झाले, वायरमनाला चहा मिळाला आणि वाद मिटला.

मी तंत्रज्ञ नव्हे. शिकलो इतिहास आणि पोटासाठी पत्करली सरकारी नोकरी. तरीही तो काढलेला पाय माझ्या मनात सलत राहिला, कारण माझ्या आजोबांच्या घरातील एक जुनी गोष्ट मला आठवली. घरातील गाण्याला वीज कोठून व कशी द्यावी, हा प्रश्न आज चैनीचा वाटतो. पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचा आरंभ विजेविना होतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि पुढील काही वर्षांत फोनो महाराष्ट्रातील वाड्यांतून व नागपूर-रायपूरकडील मालगुजारांच्या बैठकींतून गाऊ लागला. या यंत्राला लागणारी सारी शक्ती माणसाच्या मनगटातून येई. चावी दिली की आतील स्प्रिंग आवळली जाई आणि ती उलगडताना तबकडी फिरे. चावी द्यावयाचे विसरले, तर तान ऐन रंगात असताना गवई हळूहळू खर्जात उतरे आणि बैठकीत हशा पिके. यंत्रातील दोष सर्वांना दिसत होता आणि त्यावरचा उपायही घरातील लहान मुलाला ठाऊक होता. आपल्या गाण्याची शक्ती आपल्या हाती असण्याचा तो काळ होता.

वीज तोवर शहरांत येऊ पाहत होती, पण घरात शिरली नव्हती. १८८२ साली मुंबई नगरपालिकेने क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावण्याचा करार एका कंपनीशी केला. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली आणि १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून सह्याद्रीचे पाणी वीज होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे वाहू लागले. पावसाळ्यात लोणावळ्याच्या तलावांत साठलेले पाणी घाटाखाली सोडून गिरणीचे चाक फिरविता येते, ही त्या पिढीला अद्भुत वाटणारी गोष्ट होती. त्या विजेवर गाणे ऐकण्याचा विचार मात्र अजून कोणाच्या मनात आला नव्हता.

तो विचार रेडिओने आणला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम प्रक्षेपित केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या दिवसांतील संचांना दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. निर्वात नळ्यांतील तंतू तापविण्यासाठी कमी दाबाची, आम्लाने भरलेली एक, आणि नळ्यांना शंभराच्या आसपास व्होल्टांचा दाब पुरविणारी कोरडी दुसरी. पहिली बॅटरी दर काही दिवसांनी भारून आणावी लागे. तिच्यातील आम्ल सांडले की सतरंजीला भोक पडे. दुसरी संपली की नवी विकत घेण्यावाचून इलाज नसे. गाणे ऐकण्याचा खर्च संच घेतल्यावर संपत नसे. तेथून तो सुरू होई.

साहजिकच संशोधकांची दृष्टी भिंतीतील विजेकडे वळली. १९२५ साली कॅनडात टोरांटो येथे एडवर्ड रॉजर्स यांनी बॅटरीवाचून, थेट घरातील विजेवर चालणारा संच बाजारात आणला, आणि थोड्याच वर्षांत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. बॅटरी गेली, आम्ल गेले. पण तिच्या जागी एक नवा पाहुणा आला. तो म्हणजे घरघर.

ही घरघर येते कोठून? बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने, तळ्यातील पाण्यासारखा शांत असतो. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह, ज्याला आपण एसी म्हणतो, तो सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण हेलकावा घेतो. संचातील एकदिशकारक त्याला एका दिशेस वळवितो, तेव्हा प्रत्येक हेलकाव्याचे दोन उंचवटे होतात, म्हणजे सेकंदाला शंभर. हे उंचवटे सपाट करण्याचे काम संचातील धारित्रे करतात. ती दुबळी झाली की शंभर कंपनांचा तो स्वर लाउडस्पीकरमधून बाहेर पडतो. घरघरीचा दुसरा प्रकार बाहेरून तारांवाटे येतो. त्याचा मूळ स्वर पन्नास कंपनांचा, म्हणजे तोच, एक सप्तक खालचा.

आपल्या संगीताच्या दृष्टीने हा आकडा फार अडचणीचा आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात लागते आणि तो पंचम येतो सुमारे १०४ कंपनांवर. तीव्र मध्यम साधारण ९८ वर पडतो. विजेची शंभर कंपने या दोहोंच्या मध्ये, कोणत्याच स्वराला न धरता उभी राहतात आणि पंचमाशी सेकंदाला चार वेळा आदळतात. घरघर म्हणजे एक बेसूर तंबोराच. जुन्या श्रोत्यांना ती इतकी का खुपते, याचे कारण त्यांच्या कानांच्या तालमीत आहे. त्या कानांना हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल.

आता आजोबांच्या घरातील गोष्ट. वीज सर्वत्र एकाच प्रकारची नव्हती. आपल्या देशातील काही शहरांच्या जुन्या भागांत एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, पुरविला जाई, अन्यत्र प्रत्यावर्ती. रोहित्र केवळ प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते, एकदिश प्रवाहावर ते जळून जाते. म्हणून कारखानदारांनी दोन्हींवर चालणारे ‘एसी-डीसी’ संच काढले. बदलीच्या नोकरीतील माणसाला ते मोठे सोयीचे होते, कारण पुढील गावी कोणती वीज मिळेल याचा नेम नसे. १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी आजोबांनी असाच एक संच घेतला. पुढे २ ऑक्टोबर १९६३ रोजी आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा घरच्या मंडळींनी ते याच संचावर ऐकले.

या संचांत रोहित्र नव्हते, म्हणजे आतील लोखंडी सांगाडा आणि भिंतीतील वीज यांच्यामध्ये कोणताच आडपडदा नव्हता. दोन पायांचा प्लग एका बाजूने खोचला तर सांगाडा निर्धोक तारेला जोडला जाई. उलटा खोचला तर त्याच सांगाड्यात घरातील संपूर्ण दाब खेळे. बाहेरून लाकडी पेटी, मागे पुठ्ठा, बटणांवर बॅकलाइटच्या टोप्या. या आवरणांवरच कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असे. आमच्या घरी एक टोपी फुटून हरवली. आजी ओल्या हाताने आवाज कमी करावयास गेली आणि दूर फेकली गेली. ती बचावली, पण त्यानंतर जन्मभर तिने कोणत्याही रेडिओला हात लावला नाही. गाणे ऐकावयाचे झाले की ती नातवंडांना हाक मारी.

अशा अपघातांनीच जगाला तिसरी तार शिकविली. ज्या गोल पायांच्या प्लगाचे वंशज आज आपल्या घरोघरी आहेत, त्याचे ब्रिटिश मानक १९३४ सालचे. त्यातील वरचा पाय इतर दोहोंपेक्षा लांब व जाड ठेवण्यात आला. प्लग खोचताना तो सर्वांत आधी जुळतो, काढताना सर्वांत शेवटी सुटतो. म्हणजे वीज उपकरणात शिरण्यापूर्वी उपकरणाचे धातूचे अंग जमिनीशी जोडलेले असते. आत एखादी तार सुटून त्या अंगाला टेकली, तर मोठा प्रवाह या तिसऱ्या वाटेने धावतो आणि फ्यूज वितळून वीज बंद होते. माणसाच्या अंगातून जाऊ पाहणाऱ्या विजेला आधीच एक सोपी वाट करून ठेवणे, एवढाच या योजनेचा अर्थ. स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी अर्थिंगला कायद्याचे बळ दिले आणि १९६६ साली भारतीय मानक संस्थेने अर्थिंगची स्वतंत्र संहिता प्रसिद्ध केली.

परंतु नियम कागदावर असतो आणि अर्थिंग जमिनीत. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. काळी, चिकण कन्हार ओल धरून ठेवते. लाल, खडेमिश्रित भाटा फाल्गुनातच कोरडी पडते. धानाच्या पिकासाठी जे भेद शेतकऱ्याने ओळखले, तेच विजेलाही लागू पडतात, कारण ओल्या मातीतून वीज सहज जाते आणि कोरड्या मुरुमातून महत्प्रयासाने. अर्थिंगच्या खड्ड्यात सुमारे अडीच मीटर लांबीचा नळ, भोवती कोळसा व मीठ, वर पाणी ओतावयाचे नरसाळे, ही रचना आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिली आहे. घर बांधताना हे सारे होते. पुढे अंगणात फरशी बसते, नरसाळे तिच्याखाली गाडले जाते आणि त्यात पाणी घालावयाचे असते हेही घरातील माणसे विसरतात.

येथवर आपण घराच्या भिंतींच्या आत होतो. पण संचाला मिळणारी वीज घरात तयार होत नाही, आणि तिचे गुणदोष पुष्कळ दुरून येतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण वारंवारतेचे आहे. तबकडी फिरविणाऱ्या कित्येक यंत्रांतील सिंक्रोनस मोटर विजेच्या हेलकाव्यांशी पाऊल जुळवून चालते. वाहिनीवर पन्नास कंपने असली तरच तबकडी मिनिटाला बरोबर तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. १९९० च्या दशकात आपल्याकडे मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की ही वारंवारता कधी ४८ पर्यंत उतरे आणि भार हलका झाला की ५१ च्याही वर चढे. ४८ म्हणजे चार टक्के उणे. संगीताच्या भाषेत जवळजवळ पाऊण स्वरांतर. चावीच्या फोनोवरील गवई स्प्रिंग सैल झाली की उतरे. या काळात सबंध देशाची चावी सैल झाली होती आणि तिच्याबरोबर घराघरांतील षड्ज उतरत होता. त्यावर कोणत्याही गृहस्थाच्या घरी इलाज नव्हता.

इलाज झाला तो सामायिक व्यवस्थेत. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात विजेची अशी दरपद्धती लागू झाली की वारंवारता घसरलेली असताना ठरल्याहून अधिक वीज ओढणाऱ्याला जबर किंमत मोजावी लागे. मार्च २००३ मध्ये रायपूर-राउरकेला वाहिनीने पश्चिम व पूर्व विभाग एका लयीत जोडले गेले. २००६ साली उत्तर विभाग आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीमार्गे दक्षिण विभाग त्यांना येऊन मिळाला. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारी जनित्रे एकाच तालावर फिरतात आणि वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. काकांच्या तबकडीवरील गवई आज आपल्या खऱ्या पट्टीत गातो, याचे श्रेय त्यांच्या संचाइतकेच रायपूरहून निघालेल्या त्या मनोऱ्यांच्या रांगेलाही दिले पाहिजे.

आता पुन्हा काकांच्या दिवाणखान्यात येऊ. आषाढात एका संततधारेच्या दिवशी काकू संचावरील धूळ पुसावयास गेल्या आणि त्यांचा हात झटक्याने मागे आला. झटका सौम्य होता. काकूंनी तो हसण्यावारी नेला. मला मात्र आजी आठवली. मी काकांना म्हटले, “काका, तो काढलेला पाय आधी परत बसवू या. घरघरीचे मग पाहू.” ते म्हणाले, “अहो, पण ती पुन्हा सुरू होईल ना!” मी म्हटले, “होऊ द्या. घरघर ऐकू येते तोवर दोष कोठेतरी आहे हे आपल्याला कळते. आता दोष तसाच आहे, फक्त त्याची वाचा बंद झाली आहे.”

नव्या प्लगासह एका जाणत्या अभियंत्याला बोलाविले. त्याने कोणतेही यंत्र विकत घ्यावयास सांगितले नाही. घरघर चालू असताना त्याने संचाला जोडलेल्या तारा एकेक करून काढल्या. दूरदर्शन संचाकडून येणारी तार काढताच खोली शांत झाली. उलगडा साधा होता. ध्वनिवर्धक घराच्या अर्थिंगला जोडलेला होता. दूरदर्शनच्या केबलचे धातूचे आवरण बाहेर दुसरीकडे कोठेतरी जमिनीला टेकलेले होते. दोन ठिकाणच्या जमिनींत अल्पसा दाबभेद असतोच. तो भेद मिटविण्यासाठी प्रवाह गाण्याच्या तारेच्या आवरणातून ये-जा करीत होता आणि तोच लाउडस्पीकरमधून ऐकू येत होता. वायरमनाने प्लगाचा पाय काढून हे वर्तुळ तोडले खरे, पण तोडावयाची कडी त्याने चुकीची निवडली. अभियंत्याने गाण्याच्या तारेत आगपेटीएवढे एक विलगक रोहित्र बसविले. त्यातून स्वर पलीकडे जातो, जमिनीचा प्रवाह जात नाही. अर्थिंग अबाधित राहिले आणि घरघरही गेली.

मग त्याने आणखी तीन कामे केली. संचातील सारी उपकरणे एकाच फेजवर, एकाच फलकावर आणली. काकांच्या घरी तीन फेजची वीज आहे आणि दोन उपकरणे दोन फेजवर असली तर त्यांच्यामध्ये चारशे व्होल्टांचा दाब उभा राहू शकतो. अंगणातील फरशी उचलून गाडलेले नरसाळे मोकळे केले. आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी मुख्य फलकावर बसविले. आत शोधले तेव्हा ध्वनिवर्धकातील एका तारेचे वेष्टन खरोखरच विरलेले आढळले.

त्या सल्लागारांचे मग काय? त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. फलकापासून संचासाठी स्वतंत्र तार असली की कूलर किंवा पाण्याचा पंप सुरू होताना होणारी खळबळ कमी पोहोचते. पण ती तार शेवटी त्याच मीटरला, त्याच रोहित्राला आणि त्याच शेजारापाजाराला जोडलेली राहते. दाब वारंवार घसरत असेल तर स्थिरकाचा उपयोग आहे. जमिनीच्या वर्तुळातून आलेली घरघर त्याने थांबत नाही. सुईकडून येणारा नाजूक संदेश वाढविणारे छोटे उपकरण बॅटरीवर चालविणे आजही शहाणपणाचे ठरते. रोग ओळखल्यावर यातील प्रत्येक औषध उपयोगी आहे. रोग न ओळखता घेतले तर केवळ महाग.

शंभर वर्षांच्या या प्रवासात मनगटाची शक्ती गेली, बॅटरी गेली, एकदिश वीज गेली. प्रत्येक पिढीने गाणे अधिक शुद्ध ऐकण्यासाठी वीजपुरवठ्याची नवी रीत निवडली, आणि प्रत्येक वेळी शुद्धतेच्या ओढीने सुरक्षिततेकडे थोडी डोळेझाक केली. आजोबांच्या संचात जमिनीची तार नव्हतीच. तो त्या काळाच्या ज्ञानाचा दोष होता. आपल्याला ती मिळाली आहे. तिच्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांनी काय मोजले, हे विसरून ती आपण स्वतःच्या हाताने काढून टाकली, तर मात्र दोष काळाच्या माथी मारता येणार नाही.

परवा काकांकडे पुन्हा बैठक झाली. सुई टेकली, क्षणभर शांतता पसरली आणि त्या शांततेतून मंद्र पंचमाची तार एकटीच उमटली. काकू संचाजवळ बसल्या होत्या. आवाज किंचित वाढविण्यासाठी त्यांनी स्वतः हात पुढे केला.